आचार्य अत्रे : पहिल्या सुवर्णपदकाचे मानकरी

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी ज्ञातीतील एखाद्या कर्त्या पुरुषाचे चरित्र छापण्याचा प्रघात आहे आणि तो योग्यच आहे. यंदा मात्र साहित्य, रंगभूमी, चित्रपट आणि गायन या चारही क्षेत्रांत ज्याची कृती नावाजली गेली अशा एखाद्या थोर पुरुषाविषयी लिहावे, असे ठरले. असा पुरुष शोधू गेल्यास महाराष्ट्रात प्रथम एकच नाव समोर उभे राहते. ते म्हणजे आचार्य प्रल्हाद केशव अत्रे. ते आपल्या ज्ञातीचे नव्हेत, निर्मळ गावाशी त्यांचा काही ऋणानुबंध असल्याचेही मला ठाऊक नाही. मग आपल्या घरोघरी जाणाऱ्या या पुस्तकात त्यांना स्थान कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे एक उत्तर असे की, अत्रे हे मुळात शाळामास्तर होते, आणि आपल्या समाजात शेतीवाडीच्या खालोखाल ज्या व्यवसायाने घरे सावरली तो शिक्षकाचाच व्यवसाय होय. दुसरे उत्तर ओघात येईलच.

अत्र्यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९८ रोजी पुणे जिल्ह्यातील सासवडजवळच्या कोडीत या खेडेगावी झाला. पुरंदर किल्ल्याच्या परिसरातला हा मुलूख, कऱ्हा नदीच्या काठचा. सासवडास संत सोपानदेवांची समाधी आहे. कीर्तन, भजन, तमाशा आणि शेतकऱ्यांची रांगडी बोली यांचे संस्कार बालवयातच त्यांच्या कानांवर झाले. पुढे त्यांच्या लेखणीत जो ठसका आला त्याचे मूळ या मातीत आहे. म्हणूनच त्यांनी आपल्या आत्मचरित्राला ‘कऱ्हेचे पाणी’ असे नाव दिले.

शिक्षणासाठी ते पुण्यास आले. तेथे त्यांना राम गणेश गडकरी यांचा सहवास लाभला. गडकरी त्या वेळी नाटककार म्हणून, विनोदी लेखक म्हणून आणि गोविंदाग्रज या नावाने कवी म्हणून कीर्तीच्या शिखरावर होते. विशीच्या आतल्या या विद्यार्थ्याने त्यांना मनोमन गुरू मानले. १९१९ च्या जानेवारीत गडकरी निवर्तले आणि त्याच वर्षी अत्रे बी. ए. झाले. गुरू गेला, परंतु नाटक, विनोद आणि काव्य या तिन्ही वाटा शिष्यासाठी मोकळ्या ठेवून गेला.

पोटासाठी अत्र्यांनी मास्तरकी पत्करली. पुण्याच्या लष्कर भागातील कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे ते मुख्याध्यापक झाले आणि सुमारे दीड तप त्यांनी ती शाळा सांभाळली. मध्यंतरी लंडनला जाऊन १९२८ साली तेथील विद्यापीठाची अध्यापनशास्त्राची पदविका त्यांनी संपादन केली. मुलींसाठी आगरकर हायस्कूल काढले. आचार्य ही पदवी लोकांनी त्यांच्या नावामागे लावली ती उगाच नव्हे. आजच्या पिढीस अत्रे म्हटले की सभा गाजवणारा वक्ता तेवढा आठवतो. फळ्यापुढे खडू घेऊन उभे असलेले अत्रे फारच थोड्यांस ठाऊक आहेत.

या मास्तरकीतूनच ‘नवयुग वाचनमाला’ निर्माण झाली. तिचे महत्त्व आज सांगूनही चटकन पटणार नाही. त्यापूर्वीची क्रमिक पुस्तके बोजड असत. मुलाला न पेलणारे शब्द, प्रत्येक धड्याच्या शेपटाला बांधलेला उपदेश आणि ज्यांत घर, अंगण, आई, आजी कोठेच नाहीत असे पाठ. अत्र्यांनी लहान मुलाच्या डोळ्यांनी जग पाहून धडे लिहिले व निवडले. केशवकुमार या टोपणनावाने लिहिलेली त्यांची ‘आजीचे घड्याळ’ ही कविता कित्येकांनी शाळेत पाठ केली असेल. घड्याळाविना कोंबड्याच्या आरवण्यावरून आणि उन्हाच्या कवडशावरून वेळ अचूक सांगणारी ती आजी आपल्या वाड्यांतून कालपरवापर्यंत घरोघरी होती. विहिरीवरचा रहाट केव्हा सुरू करावा आणि बाजाराची पाटी केव्हा भरावी, हे तिला कोणी सांगावे लागत नसे.

त्याच वाचनमालेतील ‘दिनूचे बिल’ हा पाठ मी वर्गात पुष्कळ वेळा शिकविला आहे. डॉक्टर वडील रोग्यांना बिल पाठवितात हे पाहून दिनू आपल्या आईला किरकोळ कामांचे बिल करून देतो. आई निमूटपणे पैसे देते आणि सोबत आपलेही एक बिल ठेवते. त्यात जन्मापासून केलेल्या सेवेची कलमे आहेत व प्रत्येक कलमापुढे रक्कम मात्र काहीच नाही. बस्स, एवढीच गोष्ट. शिकविताना कोणत्याही वर्गात, कितीही द्वाड मुले असोत, शेवटाशी आले की शांतता पसरते. पुढे वीस-एक वर्षांनी अत्र्यांना जे सुवर्णपदक मिळाले त्याचे बीज मला या दोन पानांच्या पाठात दिसते. चित्रपटाचा धंदा करणाऱ्या अत्र्यांना ते मिळाले असे लोक समजतात. माझ्या मते ते मास्तर अत्र्यांना मिळाले.

पण त्यांचे नाव प्रथम गाजले ते हसण्यामुळे. १९२५ साली ‘झेंडूची फुले’ हा विडंबनकाव्यांचा छोटा संग्रह निघाला आणि त्या काळच्या कवींच्या लकबींची त्यात अशी काही टर उडविली गेली की, कवितेच्या वाटेस न जाणारेही तो वाचून लोटपोट झाले. त्यानंतर ते रंगभूमीकडे वळले. गडकऱ्यांच्या पश्चात मराठी नाटकाला उतरती कळा लागली होती. बोलपटाने नाटकमंडळ्यांचे कंबरडे मोडले होते. अशा काळात १९३३ साली बालमोहन नाटक मंडळीने अत्र्यांचे ‘साष्टांग नमस्कार’ रंगमंचावर आणले. सूर्यनमस्कारांच्या वेडाची थट्टा करणाऱ्या या नाटकाने प्रेक्षक पुन्हा नाट्यगृहाकडे वळविला. पाठोपाठ ‘घराबाहेर’, ‘भ्रमाचा भोपळा’, ‘उद्याचा संसार’, ‘लग्नाची बेडी’ अशी रांग लागली. ‘घराबाहेर’ आणि ‘उद्याचा संसार’ यांत विनोदाखाली स्त्रीच्या सोसण्याची जी खोल कळ आहे, तिच्याकडे मात्र पुरेसे लक्ष गेले नाही असे मला वाटते. हसविणाऱ्या माणसाचे रडणे कोणी ऐकत नाही.

नाटकांमागून चित्रपट आले. मास्टर विनायक यांच्यासाठी लिहिलेल्या ‘ब्रह्मचारी’ या १९३८ सालच्या बोलपटाने मोठी खळबळ उडविली. नंतर स्वतःची संस्था काढून अत्र्यांनी ‘पायाची दासी’, ‘वसंतसेना’ इत्यादी चित्रपट तयार केले. या धंद्यातील चढउतारांचा तपशील येथे देण्याचे प्रयोजन नाही. १९४२ साली नाशिकच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, एवढी नोंद करून मुख्य विषयाकडे वळू.

साने गुरुजी यांचे ‘श्यामची आई’ हे पुस्तक माहीत नाही असे आपल्यापैकी कोणाचे घर नसेल. पांडुरंग सदाशिव साने हेही शिक्षकच. खानदेशात अंमळनेरच्या शाळेत त्यांनी शिकविले आणि स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगवास पत्करला. नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ ते १३ फेब्रुवारी १९३३ अशा अवघ्या पाच दिवसांत त्यांनी आपल्या आईच्या आठवणी लिहून काढल्या. पुस्तक १९३५ साली प्रसिद्ध झाले. रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड हे त्यांचे गाव. समुद्रकाठचा दमट वारा, नारळीपोफळी, विहिरी, सोवळेओवळे, कर्जाने पोखरलेले घर असा सर्व परिसर आपल्या ओळखीचाच आहे. त्यात पोहायला भिणारा श्याम माळ्यावर लपून बसतो आणि आई त्याला छडी मारीत विहिरीकडे हाकलते. बावखलात पोहायला शिकलेल्या आपल्या मुलांना त्यातील भीती आणि नंतरचा आनंद दोन्ही समजावून सांगावे लागत नाहीत.

११ जून १९५० रोजी साने गुरुजी गेले. त्यांच्या हयातीत हा चित्रपट निघाला नाही. अत्र्यांनी तो हाती घेतला तेव्हा जाणकारांना नवल वाटले असणार. एक तर या पुस्तकात कथानक म्हणावे असे काही नाही, बेचाळीस रात्रींच्या आठवणी आहेत. शृंगार नाही, खलनायक नाही, शेवटी आई मरते. आणि ते करणारा कोण, तर विडंबनकार, प्रहसनकार, ज्याच्या लेखणीला सारे टरकत तो अत्रे! येथे अत्र्यांचा मोठेपणा दिसतो. त्यांनी आपला विनोद, आपला ठसका, आपली कोटीबाजी ही सर्व उंबरठ्याबाहेर ठेवली आणि दुसऱ्याच्या आईच्या घरात पाऊल टाकले. पायाला घाण लागू नये म्हणून हट्ट धरून बसलेल्या मुलासमोर पदर पसरणारी आणि पायांप्रमाणे मनालाही जपायला सांगणारी ती माउली पडद्यावर उभी करताना दिग्दर्शक अत्रे कोठेही मध्ये येत नाहीत. एवढ्या मोठ्या अहंकाराच्या माणसाला हे साधावे ही साधी गोष्ट नव्हे.

आईची भूमिका वनमालाबाईंनी केली. त्या ग्वाल्हेरच्या सरदार घराण्यातील सुशिक्षित स्त्री. सोहराब मोदी यांच्या ‘सिकंदर’ चित्रपटातील रूपवती नायिका म्हणून देशभर त्यांचा बोलबाला झालेला होता. जाड्याभरड्या लुगड्यातील दरिद्री कोकणी गृहिणी म्हणून त्यांना उभे करणे हे धाडस खरे. परंतु चित्रपटात येण्यापूर्वी याच वनमालाबाई अत्र्यांच्या आगरकर हायस्कुलात शिक्षिका होत्या. म्हणजे पुस्तक लिहिणारा शिक्षक, चित्रपट काढणारा शिक्षक आणि आई झालेलीही शिक्षिका. या योगायोगाकडे मी शिक्षक असल्यामुळे माझे लक्ष जाते असे कोणी म्हणेल, तर म्हणो. श्यामचे काम माधव वझे या मुलाने केले. ते पुढे इंग्रजीचे प्राध्यापक व नाट्यसमीक्षक म्हणून नावारूपास आले.

संगीत वसंत देसाई यांचे. ते कुडाळकडचे, प्रभात कंपनीत तयार झालेले. द्रौपदीने श्रीकृष्णाच्या कापलेल्या बोटासाठी आपले भरजरी वस्त्र फाडले, ही कथा गुंफून अत्र्यांनी एक गीत लिहिले आणि देसायांच्या चालीवर ते आशा भोसले यांनी गायिले. विडंबनकार अत्र्यांच्या कवितेवर नाक मुरडणाऱ्यांनी ते गीत एकदा शांतपणे ऐकावे. बहिणीच्या मायेचे इतके प्रासादिक गीत मराठीत दुसरे शोधावे लागेल. आपल्याकडे रक्षाबंधनाला आणि भाऊबीजेला ते अजूनही लागते.

चित्रपट मार्च १९५३ मध्ये प्रदर्शित झाला. भारत सरकारने उत्कृष्ट चित्रपटांना राष्ट्रीय पुरस्कार देण्यास आरंभ केला तो याच वर्षीच्या चित्रपटांपासून. १९५४ च्या ऑक्टोबरात दिल्लीस समारंभ झाला आणि संपूर्ण भारतातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक ‘श्यामची आई’ला मिळाले. राष्ट्रपतिपदी तेव्हा डॉ. राजेंद्रप्रसाद होते. स्पर्धा काही लहानसहान नव्हती. बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’ला त्या वर्षी गुणवत्तेचे प्रमाणपत्र मिळाले, यावरून कल्पना यावी. हिंदी आणि बंगाली चित्रपटांच्या मोठमोठ्या कंपन्या, त्यांचा पैसा, त्यांचा थाट! आणि या सर्वांना मागे टाकून गेली ती कोकणातील एका गरीब विद्यार्थ्याची, चुलीपुढे खोकत बसलेली आई. मराठी भाषेला त्या दिवशी जो मान मिळाला तो पुन्हा मिळण्यास किती काळ जावा? २००३ सालच्या चित्रपटांत ‘श्वास’ सर्वोत्कृष्ट ठरला, म्हणजे मध्ये पन्नास वर्षे गेली.

आता ते दुसरे उत्तर. सुवर्णपदक मिळाल्यानंतर तोच यशस्वी मार्ग धरून एखादा घरगुती, डोळे ओले करणारा चित्रपट काढणे अत्र्यांना सोपे होते. त्यांनी काढला ‘महात्मा फुले’. फुल्यांचे नाव उच्चारताच सनातनी मंडळींच्या कपाळाला आठ्या पडण्याचे ते दिवस. अत्रे स्वतः ब्राह्मण कुळात जन्मलेले. पुण्यात नगरपालिकेत असताना रे मार्केट हे मंडईचे इंग्रजी नाव बदलून तिला महात्मा फुल्यांचे नाव देण्यासाठी त्यांनी पुढाकार घेतला होता, तेव्हाच पुष्कळांनी त्यांना नावे ठेवली. त्यांना त्याची पर्वा नव्हती. बाबूराव पेंढारकर यांनी जोतीरावांची आणि सुलोचनाबाईंनी सावित्रीबाईंची भूमिका केली. विशेष म्हणजे गाडगेबाबा या चित्रपटात स्वतः कीर्तन करताना दिसतात. बाबा १९५६ साली गेले. त्यांचे कीर्तन प्रत्यक्ष पाहण्याची सोय आज आपल्याला आहे ती अत्र्यांमुळे. या चित्रपटास १९५४ सालचा उत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. म्हणजे पुरस्कारांच्या पहिल्या दोन्ही वर्षी अत्र्यांचे नाव आहेच.

आपली ही ज्ञातिसंस्था आहे. ज्ञातीतील मुलांना शिष्यवृत्त्या द्याव्या, गुणवंतांचा सत्कार करावा, वधूवरांच्या याद्या कराव्या हे तिचे काम, आणि ते कोणी कमी लेखू नये. परंतु ज्ञातीने घातलेल्या कुंपणाच्या आत जन्माला येऊन कुंपणापलीकडच्या माणसाचे चरित्र स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या कष्टाने पडद्यावर मांडणारा मनुष्य आपल्या स्मरणिकेत असावा, असे मला वाटले. निर्मळात कार्तिकातल्या यात्रेला शंकराचार्यांच्या समाधीपुढे रांग लागते, आणि त्याच गावात होली क्रॉस चर्चचीही घंटा वाजते. एकमेकांच्या अंगणातून जाण्याची सवय आपल्या गावाला जुनी आहे. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा वसईत आनंद झाला तो कोणा एका समाजाला नव्हे. नाशिकला अत्रे ज्या आसनावर बसले होते त्याच आसनावर आपल्या शेजारच्या गावचा माणूस बसला होता.

यानंतरचे अत्रे सर्वांना ठाऊक आहेत. १९५६ साली त्यांनी ‘मराठा’ दैनिक सुरू केले आणि संयुक्त महाराष्ट्राचा लढा आपल्या लेखणीने व वाणीने पेटविला. त्याच वर्षी डिसेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अंत्ययात्रेनंतर दादरच्या समुद्रकाठी लाखो शोकाकुल लोकांसमोर ते बोलले. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य झाले त्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. मुंबईवर ज्यांची भाजी, फुले, केळी आणि नोकऱ्या अवलंबून, त्या वसईकरांनी तर तो विसरता कामा नये. तथापि या काळात विरोधकांवर त्यांनी जे शब्द फेकले त्यांतील काही मुलांना वाचून दाखवण्याजोगे नाहीत, हेही सांगितले पाहिजे. ज्या हाताने ‘दिनूचे बिल’ लिहिले त्याच हाताने ते अग्रलेख लिहिले, हे मनाला पटत नाही. पण माणूस असा असतो. अत्र्यांना प्रेमही मापाने करता येत नसे आणि रागही मापाने करता येत नसे. कालचा शत्रू वारला की त्याच्यावर सर्वांत सुंदर मृत्युलेख लिहिणारे अत्रेच. पंडित नेहरूंवर त्यांनी आयुष्यभर टीकेचे आसूड ओढले, आणि १९६४ साली नेहरू गेल्यावर लिहिलेल्या लेखमालेला नाव दिले ‘सूर्यास्त’.

राजकारणाच्या या धकाधकीतही नाटक सुटले नाही. ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्ली येथे ‘तो मी नव्हेच’ या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. दिग्दर्शक मो. ग. रांगणेकर, आणि वेषांतरे करून बायकांना व भाबड्या लोकांना ठकविणाऱ्या लखोबा लोखंडेच्या भूमिकेत प्रभाकर पणशीकर. न्यायालयातील साक्षी आणि फिरता रंगमंच यांमुळे डोळ्यांसमोर चित्रपटच सरकतो आहे असे वाटे. लखोबाचे नाव महाराष्ट्रात म्हणीसारखे झाले, आणि पणशीकरांनी या भूमिकेचे प्रयोग पुढे कित्येक दशके केले. लोक तिकिटासाठी रांगा लावतात, हाच त्या नाटकाचा मान समजावा. स्मरणिकेत दरवर्षी पदकविजेत्यांची छायाचित्रे छापून येतात. ज्यांचे छायाचित्र येत नाही त्या मुलांच्या आईवडिलांनी ‘साष्टांग नमस्कार’ आणि ‘तो मी नव्हेच’ यांचा इतिहास अवश्य डोळ्यांपुढे ठेवावा.

१३ जून १९६९ रोजी मुंबईत अत्रे निवर्तले. त्यांची ज्येष्ठ कन्या शिरीष पै यांनी कवितेत स्वतःचे नाव केले आणि हायकू हा जपानी काव्यप्रकार मराठीत रुजविला. ‘मराठा’ बंद पडला. वाचनमालेची जागा सरकारी पाठ्यपुस्तकांनी घेतली. चित्रपट मात्र राहिला. पडद्याचा आकार बदलला, काळापांढरा रंग जाऊन सगळीकडे रंगांचा लखलखाट झाला, तरी आषाढ-श्रावणात साने गुरुजींच्या नावाने एखाद्या शाळेत तो दाखविला की मुले अजूनही शेवटपर्यंत बसतात.

२०२३ साली दिग्दर्शक सुजय डहाके यांनी ‘श्यामची आई’ पुन्हा एकवार पडद्यावर आणला, आणि तोही मुद्दाम काळ्यापांढऱ्या रंगात. त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत उत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून त्याची निवड झाली. अत्र्यांच्या सुवर्णपदकाला तोवर सत्तर वर्षे होत आली होती.